गोड्या विहिरीची परीक्षा

त्या रविवारी दिनेशचा फायदाच फायदा होता. त्याची बहीण वनिता हिनं तो आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना मनातल्या मनात मांडूनही ठेवला होता. पहिली गोष्ट, बायको. तीही साधीसुधी नाही. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारी स्वप्नाली. म्हणजे हात स्थिर आणि नजर हातापेक्षा स्थिर. दुसरी गोष्ट, सासरा. धरमतरच्या खाडीकडेला बापजाद्यांचं मिठागर राखून असलेले हैबतराव, बोलले की बोलले. तिसरी गोष्ट, पोरीला आई नाही, त्यामुळे रुसणारी सासू नाही. आजी होती, सीताबाई. पण ती जावयाचे लाड करून करून त्याला बिघडवणार, एवढाच काय तो धोका.

आणि दिनेशकडून द्यायचं काय? तर पोहे खायचे, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचं आणि बाकी वेळ तोंड मिटून बसायचं.

हे शेवटचं जमेल का, एवढीच वनिताला काळजी होती. कारण भाऊ तिचा होता. रोह्याला कंपनीत शिफ्ट करत होता, ती सोडली. का, तर साहेब ऐकून घेत नाही. मग मोबाईलची कव्हरं विकली. मग विमा. आता पाण्याचे फिल्टर. प्रत्येक धंद्यावर त्याची श्रद्धा अशी, की नव्यानं माळ घातलेल्यानंही लाजावं. विम्याच्या दिवसांत तर तो बारशाला जाऊन लोकांना मरणाच्या गोष्टी सांगून आला होता.

वनिता ह्या गावात कृष्णाच्या घरी दिलेली. हैबतराव कृष्णाचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, चुलते. म्हणजे स्थळ तिनं सुचवलेलं, शब्द तिनं टाकलेला, आणि बिनसलं तर रोज तोंड दाखवायची वेळही तिच्यावरच. दिनेश काय, दुपारच्या गाडीनं रोह्याला निघून जाणार. पण जमलं, तर आईचा रोजचा फोन थांबणार होता. "दिन्याचं बघ गो," हे तीन शब्द ऐकून ऐकून वनिताच्या कानाला घट्टे पडले होते.

तो आला तो हातात काळी पेटी घेऊन.

"ही कसली पेटी?"

"काय नाय गो ताई. डेमोची हाय."

"पोरगी बघायला चाललास का वीजमीटर बसवायला?"

"मी काय काम करतो ते त्यांना कळायला नको?"

"तोंडानं सांग. देवानं तेवढ्यासाठीच दिलंय."

"तोंडानं सगळेच सांगतात. मी दाखवतो."

वनितानं पेटी पडवीत ठेवायला लावली. त्यानं ठेवली. ती पाणी आणायला आत वळली आणि बाहेर आली, तोवर पेटी परत त्याच्या काखेत.

हैबतरावांच्या ओटीवर सगळं नीट सुरू झालं. पोहे आले, वर ओलं खोबरं, मागोमाग चहा. स्वप्नाली येऊन बसली, मान खाली न घालता. तिनं दिनेशकडे असं बघितलं, जसं ती मूर्तीच्या कोऱ्या डोळ्याकडे बघत असेल. कुठून सुरुवात करावी, असं. दिनेश दोनदा ठसकला. वनिताला वाटलं, छान. ठसकणारा माणूस बोलत नाही.

मग सीताबाईनं तांब्याभांडं पुढे केलं आणि म्हणाली, "घ्या, पाणी घ्या. आमच्या विहिरीचं हाय."

आता खारपट्टीत विहीर म्हणजे काय, ते नळाखाली वाढलेल्याला सांगून कळत नाही. ह्या गावात कुठंही खणा, खारंच लागतं. हैबतरावांच्या वडलांनी खणलं तिथं गोडं लागलं. अर्ध्या गावाच्या पोरींची लग्नं त्या पाण्यावर झाली. "गोड्या विहिरीवाले" म्हणूनच त्या घराला ओळखतात. हैबतरावांना कोणी बापावरून बोललं, तर ते एकवेळ हसतील. विहिरीवरून नाही.

दिनेशनं भांडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "काका, हे पाणी कधी चेक केलंय?"

"दिन्या," वनिता म्हणाली.

"नाय ताई, साधा प्रश्न हाय."

"चेक करायचं काय त्यात?" हैबतराव म्हणाले. "माझा बाप प्यायला, मी पितो, माझी पोर पिते. तुमची बहीणसुद्धा हेच पिते."

"तेच तर! दिसायला स्वच्छ, पण आत काय हाय ते दिसत नाय ना." आणि पेटी उघडली.

वनितानं त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला. आत एक ठोकळा, त्याला खाली चार सळ्या, दोन लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या, आणि एक वायर. दिनेशनं दोन काचेचे ग्लास मागितले. एकात विहिरीचं पाणी ओतलं. दुसऱ्यात पेटीतल्या बाटलीतलं, कंपनीच्या फिल्टरचं. प्रत्येक ग्लासात लोखंडाची एक, ॲल्युमिनियमची एक अशी सळ्यांची जोडी बुडवली आणि टीव्हीचा प्लग काढून आपला लावला. आवाज बदलून, एकदम पुस्तकी होऊन म्हणाला, "आता या पाण्यातून आपण वीज सोडणार आहोत. पाण्यात जे काही लपलेलं आहे, ते वीज बाहेर काढेल."

बटण दाबलं.

कंपनीचं पाणी होतं तसंच राहिलं. विहिरीच्या पाण्यात आधी बुडबुडे आले, मग पिवळट धूर सुटल्यासारखं झालं, मग हिरवट, मग तपकिरी गाळ वर येऊन फेसासकट तरंगायला लागला. बघता बघता ग्लासात गटार उभं राहिलं.

ओटीवर कोणी बोललं नाही. दिनेशला ती शांतता कौतुकाची वाटली.

"हे तुम्ही रोज पिता," तो म्हणाला.

हैबतरावांचा चेहरा गाळाच्याच रंगाचा झाला. "ह्या पाण्याचा चहा आत्ता तुम्ही प्यालात," ते सावकाश म्हणाले.

"तेच सांगतोय काका! मलासुद्धा भीती वाटतेय!"

वनितानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यात दोन सळ्या घालून बघावं, काही लपलेलं आहे का. निदान तपकिरी तरी काहीतरी निघेल.

तेवढ्यात सीताबाई उठली. म्हातारीनं ग्लासातल्या घाणीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. तिच्या लेखी उलगडा साधा होता. "विहिरीला दृष्ट लागली," ती म्हणाली. "लग्नाचं बोलणं चाललंय आणि सगळी गल्ली खिडकीत उभी. लागणारच."

ती आतून मूठभर खडेमीठ घेऊन आली. मिठागरवाल्यांचं घर, मिठाला काय तोटा. त्या घाण ग्लासावरून तिनं मूठ ओवाळली, "आल्यागेल्याची, बघितल्याची, न बघितल्याची," असं पुटपुटली. आता ते मीठ पाण्यात सोडायला हवं. मीठ विरघळलं की दृष्ट विरघळली, हा तिकडचा रिवाज. पण बाधा झालेल्या पाण्यात कसं सोडणार? शेजारी चांगलं नितळ पाणी भरलेला ग्लास होताच. तिनं मूठ त्यात रिकामी केली.

"आजी! अहो, ते कंपनीचं पाणी!"

"मग? कंपनीला दृष्ट लागत नाय व्हय?"

दिनेशनं ग्लास उचलला. तळाशी मीठ विरघळत होतं. "आता हा डेमो नाही होणार. दुसरं पाणी घ्यावं लागेल."

"का?" हैबतरावांनी विचारलं.

"मीठ पडलं ना."

"मग काय झालं? मीठ माझ्या आगरातलं हाय." हैबतराव पाटावरून पुढे सरकले. "विहीर घाण म्हणालास. आता मीठपण घाण म्हणतोस काय?"

"नाय काका, तसं नाय..."

"मग कर चालू."

जावई व्हायला आलेल्या माणसानं सासऱ्याच्या मिठाला नावं ठेवायची नसतात, एवढं दिनेशलाही कळलं. त्याहून मोठं कारण म्हणजे, त्याचा आपल्या फिल्टरच्या पाण्यावर विश्वास होता. त्यानं बटण दाबलं.

फिल्टरचं पाणी उसळलंच. विहिरीच्या पाण्याला जरा तरी लाज होती, हळूहळू घाण झालं होतं. ह्यानं वाट बघितली नाही. फसफसून वर आलं ते हिरवं-काळं होऊनच, आणि गाळ ग्लासाच्या काठावरून पाटावर ओघळला.

हैबतराव आधी बघत राहिले. मग त्यांचं पोट हललं. मग ते इतके हसले, की खिडकीतली माणसं आत आली.

इथं पेटी बंद झाली असती, तरी निभावलं असतं. वनितानं वायरला हातही घातला होता. पण गाव आत शिरलं होतं आणि दिनेश गावाला म्हणत होता, "थांबा, काहीतरी गडबड झाली, परत दाखवतो." परत दाखवायला त्याच्याकडे पाणी नव्हतं, बाटली रिकामी. मग ज्याला जे सुचेल, ते आलं. कोणी नारळपाणी आणलं. तेही गढुळलं. उरलेला चहा घातला. त्यात काय झालं, ते चहालाच ठाऊक. कोणी गोडं तेल ओतलं. तेल ढिम्म. बुडबुडासुद्धा नाही.

"बघा," मागून एक बाई म्हणाली, "तेल सगळ्यात शुद्ध. उद्यापास्नं तेलच प्या."

पातळ केलेलं तूपही तेलासारखंच गप्प बसलं. आता दिनेशला घाम फुटला होता. बिचाऱ्याला कोणत्या ग्लासात काय होणार, ते आधी सांगता येईना. लोक मात्र पैजा लावायला लागले. स्वप्नाली तेवढी हसत नव्हती. प्रत्येक वेळी सळ्या वर आल्या की ती वाकून सळ्यांकडे बघत होती.

आणि मग कान्हू आला. कान्हू शेजारचा, नुकताच काशी करून आलेला. हातात तांब्याचा गडू. खाटेवरच्या बापाच्या तोंडात शेवटच्या वेळी घालायला आणलेलं गंगाजल. त्यानं डाख लावून पक्कं बंद केलेलं झाकण तिथंच चाकूनं उचकटलं.

"हे घाल," तो म्हणाला. "गंगा घाण होत नाय. तुझं मशीन खरं का खोटं, आत्ता कळेल."

"कान्हूभावजी, नको," वनिता म्हणाली. "हात जोडते, नको. दिन्या, तू हात लावू नको त्याला."

"ताई, सायन्सला देवधर्म नसतो," दिनेश म्हणाला आणि गंगा ग्लासात ओतून घेतली.

गंगेचं जे व्हायचं, ते झालं.

कान्हू ग्लासाकडे बघत राहिला. मग गडूत डोकावला, मग दिनेशकडे बघितलं. "माझ्या बापाच्या तोंडात घालायचं होतं हे," तो म्हणाला, आणि पुढचं जे म्हणाला ते दिनेशच्या बापाबद्दल होतं, म्हणजे वनिताच्याही. कृष्णा मध्ये पडला. धक्काबुक्कीत कोणीतरी आगरातनं आणलेल्या खाऱ्या पाण्याची कळशी ग्लासासकट अख्ख्या ठोकळ्यावर रिचवली. तडतडलं, नाकात झोंबणारा वास सुटला, फाटकन आवाज झाला आणि घराची वीज गेली. पंखा गरगरत थांबला. ओटीवर माणसं, घाम आणि गाळ.

शहाणा माणूस अशा वेळी चप्पल शोधतो. दिनेशनं मोबाईल काढला.

"साहेबांना विचारतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर विचारतो. स्पीकर लावून. म्हणजे तरी विश्वास बसेल."

रोह्याचे रितेशसाहेब रविवारचे जेवायला बसले असावेत. तोंडात घास घेऊनच बोलले. दिनेशनं सगळं सांगितलं: विहीर, आजी, मीठ.

"मीठ?" साहेब ओरडले. "तुला ट्रेनिंगला सांगितलं होतं ना, डेमोच्या टेबलावर मीठ नको? दहा वेळा सांगितलं होतं!"

"सांगितलं होतं साहेब. मला वाटलं, स्वच्छतेसाठी."

"अरे शहाण्या, पाण्यात मीठ असलं, क्षार असले, की करंट जातो. करंट गेला की लोखंडाची सळी सडते. तो गाळ सळीचा असतो! आपल्या फिल्टरच्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून करंट जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. एवढंच तर आहे डेमोत. कुठं आहेस तू आत्ता?"

"धरमतरजवळ. मिठागरवाल्यांकडे."

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. "जगात दुसरं गाव नाही मिळालं तुला?" साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "स्पीकरवर नाहीस ना?"

फोन बंद झाला.

स्वप्नालीनं लोखंडाची सळी उचलून बापापुढे धरली. टोक उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं. "मगापास्नं तेच बघत होते," ती म्हणाली. "रंग आला तर तो कुठून तरी सुटला पायजे. पाण्याचा नव्हताच तो."

हैबतरावांनी सळी हातात घेतली, फिरवून पाहिली, खाली ठेवली. विहीर निर्दोष सुटली होती. त्यांच्या अंगात एकदम मोठेपणा आला. जिंकलेल्या माणसाच्या अंगात तो सहज येतो. "जाऊ दे," ते म्हणाले. "पोर फसलंय. त्याला शिकवलं तसं त्यानं केलं. कान्हू, तू जरा बस. वनिता, फ्यूज घालायला सांग कृष्णाला आणि चहा टाक पुन्हा. बोलणं अर्धं राहिलंय."

वनिताचा विश्वास बसेना. बुडालेलं गलबत आपण होऊन वर येत होतं. आता दिनेशनं फक्त एक करायचं होतं: चुकलो, काका. दोन शब्द. तेही जमत नसतील, तर नुसती मान. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की दगडाला कळलं असतं.

"ते ठीक हाय काका," दिनेश म्हणाला, "पण मशीनची चूक नव्हती."

"दिन्या."

"नाय ताई, जे खरं ते खरं. आजींनी मीठ टाकायला नको होतं. मीठ नसतं पडलं, तर डेमो बरोबर चालला होता."

"बरोबर म्हणजे काय?" स्वप्नालीनं विचारलं. तो आल्यापासून तिनं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"म्हणजे आमचं पाणी स्वच्छ राहिलं असतं, आणि तुमचं..." तो अडखळला.

"आमचं घाण झालं असतं. आणि आम्ही फिल्टर घेतला असता."

"हो ना!"

"आत्ता साहेबांचं ऐकलंत तुम्ही. तरी?"

दिनेशनं जरा विचार केला. खरंच केला, वनितानं ते त्याच्या कपाळावर पाहिलं. आणि तो म्हणाला, "पण फिल्टर चांगलाच हाय हो. आईकडे पहिला मीच बसवलाय."

स्वप्नाली उठली. पोह्यांच्या रिकाम्या बश्या एकावर एक रचल्या. "बाबा, नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हे लबाड असते, तर एकदा पकडल्यावर सुधारले तरी असते."

आणि बश्या घेऊन ती आत गेली.

सीताबाई म्हणाली, "माझ्या मिठाला नाव ठेवतो मेला."

दुपारच्या गाडीला दिनेशला सोडायला कृष्णा गेला. वनिता गेली नाही. पेटी मात्र तो आठवणीनं घेऊन गेला, पुसून.

आता कोणाचं काय गेलं ते बघू. हैबतरावांचं काही गेलं नाही. एक ग्लास फुटला आणि विहिरीची कीर्ती खाडीपलीकडे गेली. सीताबाईची तर चांदी झाली. यंत्राची दृष्ट उतरवणारी म्हणून तिला लांबलांबून बोलावणी येतात. कंपनीनं ट्रेनिंगमध्ये मिठापुढे 'व घरातील वृद्ध स्त्रिया' एवढे शब्द वाढवले म्हणतात. स्वप्नालीचा एक रविवार गेला. दिनेश रोह्याजवळच्या निडीला दारोदार डेमो दाखवतोय आणि आईला सांगतोय, की स्थळ आपल्यालाच पसंत नव्हतं. आईचा फोन रोज येतोच: "दिन्याचं बघ गो."

राहिला कान्हू. तो भांडायला आला नाही. रोज सकाळी वनिताच्या दारावरून जाताना थांबायचा, आत बघायचा आणि पुढे जायचा. बाप खाटेवर, आता पाणीही कष्टानं गिळत होता. परत काशीला जायला ना सवड, ना अंगात बळ.

शेवटी वनितानं देव्हारा उघडला. मागच्या बाजूला तिचा गडू होता, तिच्या वडलांनी आणलेला. ते आयुष्यात एकदाच एवढ्या लांब गेले आणि लेकीच्या हातात हा देऊन महिन्याभरात वारले. त्यांच्या हातचं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. तिनं तो पदरानं पुसला आणि कान्हूच्या दारात नेऊन दिला.

कान्हूनं डाख बघितला. "सळ्या घातल्या नायत ना हिच्यात?"

"नाय," ती म्हणाली, आणि वळून घरी आली.

त्या सगळ्या भानगडीची किंमत अशी तिनं एकटीनं मोजली, जिनं सळ्यांना हात लावला नव्हता आणि मीठही टाकलं नव्हतं.